तळ्यातलं पाणी उन्हाळ्यासाठी राखू नका, हिवाळ्यातच त्याची वैरण करा

प्रश्न साताऱ्याच्या दुष्काळी माण तालुक्यातल्या एका तरुण शेतकऱ्याचा आहे. सहा एकर कोरडवाहू रान. वरचा दोन एकर मुरमाड माळ, त्याखाली दीड एकर हलकी जमीन आणि सगळ्यात खाली अडीच एकर मध्यम काळी. दावणीला दोन गाई, शिवाय आठ शेळ्या. पावसाळ्यात दोन-चार पाऊस जोराचे होतात, माळावरचं पाणी लोंढ्यानं ओढ्याला जातं आणि जानेवारी उजाडला की वैरण विकत घ्यावी लागते. माळाच्या पायथ्याला ३० बाय ३० मीटरचं शेततळं काढून त्या पाण्यावर उन्हाळ्यात नेपियर, म्हणजे हिरव्या चाऱ्याचं उंच गवत, करावं का, असं त्यांनी विचारलंय.

तळं जरूर काढा. पण एवढं मोठं नको आणि उन्हाळ्यातल्या नेपियरसाठी तर नकोच. आपल्या भागात अडवलेलं पाणी तळ्यात टिकत नाही. ते आधी जमिनीत मुरवायचं, उरलेलं तळ्यात धरायचं आणि थंडी संपायच्या आत रब्बी ज्वारीच्या पिकाला देऊन त्याचा कडबा करून ठेवायचा. कडब्याची गंज नीट रचली तर ती दोन वर्षं टिकते, तळ्यातलं पाणी जेमतेम तेवढे महिने टिकतं. हे का म्हणतो ते आकड्यांत मांडतो, म्हणजे तुम्हाला स्वतःच्या रानात ताळा करून बघता येईल.

१ मिलिमीटर पाऊस १ एकरावर पडला म्हणजे ४ घनमीटर, म्हणजेच ४,००० लिटर पाणी. ५० मिलिमीटरचा दणका पाऊस झाला तर तुमच्या दोन एकर माळावर ४०० घनमीटर पाणी पडतं. त्यातलं सगळं वाहत नाही. उतार, गवत, आधीच्या पावसानं माती किती भिजलीय यावर ते ठरतं. उघड्या मुरमाड माळावर जोराच्या पावसातलं साधारण पाव हिस्सा पाणी वाहतं असं धरलं, तर हातात येतात १०० घनमीटर. रिमझिम पावसाचं तर काहीच येत नाही. असे तीन पाऊस हंगामात झाले तर ३०० घनमीटर. माणसारख्या भागात यापेक्षा जास्त धरून तळ्याचं माप ठरवू नये.

आता तळ्याकडे बघा. वर ३० बाय ३०, खोली ३ मीटर आणि कडांचा उतार एकास एक ठेवला तर त्यात जवळपास २,२०० घनमीटर पाणी मावतं. तुमचा माळ ते सात वर्षांतसुद्धा एकदा भरणार नाही, आणि तळाशी पसरलेलं गुडघाभर पाणी उन्हानं आणि मुरमानं बघता बघता जाईल. २० बाय २० चं तळं पावणेनऊशे घनमीटरचं होतं, तेही मोठंच. १५ बाय १५ बाय ३ मध्ये ४४० घनमीटर मावतात. तुमच्या दोन एकराला हे माप पुरून उरतं. तळ्याचं माप जमिनीच्या मालकीवर नाही, वरून येणाऱ्या पाण्यावर ठरवायचं. अनुदान जास्त मिळतंय म्हणून मोठं तळं काढणं आणि ते दर वर्षी कोरडं बघणं, हे मी फार गावांत पाहिलंय. योजनेतल्या कोणत्या मापात हे बसतं ते कृषी सहायकांना आधी विचारून घ्या. वरच्या शेजाऱ्याच्या रानातलंही पाणी तुमच्याकडे उतरत असेल तर हिशेब वाढेल, पण त्याच्याशी आधी बोलून घ्या. आणि ओढ्याचा किंवा नाल्याचा मूळ प्रवाह तळ्याकडे वळवू नका. तो खालच्या सगळ्यांचा असतो. तुम्ही फक्त तुमच्या रानावरून वाहणारं पाणी धरायचं.

माळावरचं पाणी मोजायला भारी यंत्र लागत नाही. सरळ उभ्या बाजूंचा डबा उघड्यावर, झाडापासून लांब ठेवा आणि पाऊस थांबला की पट्टीनं उंची मोजा. जोडीला, पाणी वाहायला कधी लागलं आणि किती वेळ वाहिलं, हे वहीत लिहा. एका हंगामात तुमच्या माळाचा स्वभाव कळतो. तळं खोदायच्या आधी एवढी नोंद हातात असेल तर बरं.

आता गळती आणि वाफ. पावसाळ्यानंतर आपल्याकडे उघड्या पाण्यावरून दिवसाला ५ मिलिमीटरच्या आसपास वाफ होते, मार्चनंतर ती ८ च्या पुढे जाते. १५ बाय १५ च्या तळ्यातून ऑक्टोबरमध्ये रोज हजार लिटर अशीच उडून जातात. मुरमातल्या तळ्याची गळती त्याहून कितीतरी जास्त असते. दिवसाला पातळी दोन बोटं उतरली तरी दोन-अडीच महिन्यांत तळ दिसतो. प्लास्टिकचं अस्तर टाकलं तर गळती थांबेल, वाफ थांबणार नाही. आणि तेवढा खर्च चाऱ्यासाठी करायचा का, हा प्रश्न उरतोच. डाळिंब असतं तर मी हो म्हटलं असतं.

समजा अस्तर टाकलं आणि ३०० घनमीटर पाणी मार्चपर्यंत कसंबसं राखलं. मार्च ते मे नेपियरला ठिबकवर ५ गुंठ्यांना रोज तीन-साडेतीन हजार लिटर लागतं. तीन महिन्यांत सगळं तळं संपलं. त्या ५ गुंठ्यांतून या काळात तीनेक टन हिरवं मिळेल. वाळल्या वजनात ते अर्धा-पाऊण टन भरतं, कारण हिरव्या नेपियरमध्ये ऐंशी टक्के पाणीच असतं. तेच पाणी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये ज्वारीला दिलं तर गळती-वाफ वजा जाता १८०-२०० घनमीटर हाती राहतं. तुषार संचानं ३ सेंटिमीटरची पाळी दिली तर दीड एकर भिजतो. या एका पाळीनं एकरी अर्धा टन कडबा जरी वाढला तरी पाऊण टन जादा वैरण झाली, वर धान्य वेगळं. उन्हाळ्यात पाण्याला पहारा द्यावा लागत नाही आणि अस्तराचाही खर्च नाही.

याचा अर्थ हिरवं अजिबात नको असा नाही. दुभत्या गाईला थोडा हिरवा घास हवाच, त्याशिवाय ती कडबाही मनापासून खात नाही. त्यासाठी गोठा धुतलेलं आणि न्हाणीघराचं पाणी वापरा. रोज तीनेकशे लिटर निघत असेल तर अर्धा गुंठा नेपियर बारा महिने हिरवं राहतं. राहुरीच्या कृषी विद्यापीठाचा फुले जयवंत हा वाण आहे, त्याचे डोळे जवळच्या कोणाकडेही मिळतील.

मुख्य काम खालच्या अडीच एकरात आहे. आपल्याकडे जूनमध्ये थोडा पाऊस, जुलै-ऑगस्टमध्ये पावसाची ओढ आणि सप्टेंबरमध्ये वर्षातला सगळ्यात मोठा पाऊस, असा क्रम असतो. सोलापूरचं कोरडवाहू संशोधन केंद्र १९३३ मध्ये सुरू झालं ते याच अवर्षणप्रवण पट्ट्यासाठी, आणि तिथल्या शिफारशींचा गाभा आजही तोच आहे: सप्टेंबरचं पाणी पडेल तिथंच मुरवा. त्यासाठी जुलैमध्येच, रान मोकळं असताना, उताराला आडवे सारे, म्हणजे मातीचे बुटके वरंबे, पाडा आणि मध्ये मध्ये आडवी बांधणी करून साधारण ६ बाय २ मीटरचे सपाट वाफे करून ठेवा. प्रत्येक वाफ्यात पडलेलं पाणी तिथंच थांबतं. माळावरच्या लोंढ्याचा एक फाटाही या वाफ्यांत सोडता येतो, फक्त ताल, म्हणजे पाणी अडवणारा मातीचा बांध, मजबूत हवी आणि जादा पाण्याला दगडाचा सांडवा हवा. सांडवा नसलेली ताल पहिल्याच मोठ्या पावसात फुटते आणि सोबत माती घेऊन जाते.

राजस्थानात जैसलमेरकडे पालीवाल लोकांनी पंधराव्या शतकापासून ‘खडीन’ बांधले. खडकाळ उतारावरचं पाणी खाली लांब बांध घालून शेतातच उभं करायचं, ते जिरलं की त्याच ओलीवर गहू-हरभरा पेरायचा. तिथं वर्षाचा पाऊस २०० मिलिमीटरच्याही आत असतो. त्या लोकांनी पाणी साठवायला जमीन वापरली, कारण जमिनीत खोल गेलेल्या पाण्याला ऊन लागत नाही. तुमच्याकडे त्यांच्या दुपटीहून जास्त पाऊस पडतो आणि खाली मध्यम काळी माती आहे, जी ओल धरते.

ओल किती खोल गेली हे पाहायला एक मीटर लांबीची बोटाएवढी लोखंडी सळई घ्या. पाऊस झाल्यावर तिसऱ्या दिवशी ती वाफ्यात हातानं दाबा. ओल्या मातीत ती सहज जाते, कोरडी माती लागली की अडकते. सळईवर तिथं खूण करा. दहा-बारा ठिकाणी बघा, कारण बांधाजवळ आणि मधोमध फरक असतो. दोन फूट ओल गेली असेल तर ज्वारी पेरायला तुम्ही मोकळे. वीतभरच असेल तर थांबा, पुढच्या पावसाची वाट बघा.

पेरणी १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबरच्या दरम्यान. मध्यम जमिनीला फुले सुचित्रा किंवा आपली जुनी मालदांडी ३५-१ घ्या. हलक्या दीड एकरात रब्बीची ज्वारी करायचीच झाली तर फुले अनुराधा किंवा फुले माऊली, कारण त्या कमी खोलीच्या जमिनीत तग धरतात. मालदांडीच्या कडब्याची गोडी जनावराला कळते, म्हणून मी चाऱ्यासाठी तिलाच झुकतं माप देतो. एकरी ४ किलो बी पुरतं. दाट पेरून चारा वाढेल असं वाटतं, पण ओलीवरच्या पिकात दाटी झाली की ओल नोव्हेंबरातच संपते आणि ताटं पोटरीत, म्हणजे कणीस बाहेर पडायच्या आधीच, अडकून बसतात.

मग कोळपणी, म्हणजे ओळींमधली माती कोळप्यानं हलवणं. पेरणीनंतर तिसऱ्या, पाचव्या आणि आठव्या आठवड्यात. तिसरी कोळपणी दातेरी कोळप्यानं करा. तोवर काळ्या रानाला भेगा पडायला लागलेल्या असतात आणि त्या भेगांतून खालची ओल वर उडून जाते. कोळप्यानं भुसभुशीत झालेली माती भेगा बुजवते. कोरडवाहूत ही कोळपणी पाण्याच्या अर्ध्या पाळीइतकी कामाची ठरते, असं माझं मत आहे.

तळ्यातलं पाणी कधी द्यायचं? एकच पाळी देण्याइतकं असेल तर पीक पोटरीत येताना, ५० ते ५५ दिवसांनी. दोन होत असतील तर पहिली २८ ते ३० दिवसांनी, दुसरी पोटरीला. गळणारं तळं असेल तर मात्र पाणी तोवर टिकत नाही. अशा वेळी ३०-३५ दिवसांनाच देऊन टाका. मोकाट पाणी देऊ नका, तुषार संच भाड्यानं आणा. दीड एकरापेक्षा जास्त पसरू नका, नाहीतर कुठेच पुरेसं भिजणार नाही. आणि तळं जूनमध्येच भरलं तर ते सप्टेंबरपर्यंत जपू नका. ऑगस्टच्या उघडिपीत हलक्या रानातल्या बाजरीला द्या आणि तळं रिकामं ठेवा, सप्टेंबरचा पाऊस परत भरेल. वर्षात दोनदा भरून दोनदा रिकामं झालेलं छोटं तळं मोठ्या तळ्यापेक्षा जास्त चारा देतं.

हलक्या दीड एकरात जूनच्या पावसावर चाऱ्याची बाजरी पेरा आणि तिच्यात मटकी किंवा हुलगा मिसळा. बाजरी फुलोऱ्यात आली की हिरवीच कापा, ऑगस्ट-सप्टेंबरला उपयोगी पडते. हुलग्याचं भुसकट शेळ्यांना फार आवडतं आणि त्यात प्रथिनं असतात, जी कडब्यात कमी असतात. उरलेली बाजरी वाळवून सरमाड करून ठेवा.

आता माळ. इथं एक पेच आहे आणि तो आधीच सोडवायला हवा. सगळ्या माळावर सलग समपातळी चर खोदले आणि गवत दाट केलं, तर पाणी तिथंच मुरेल आणि तळ्यात काही येणार नाही. दोन्ही हवं असेल तर माळाची वाटणी करा. वरचा सव्वा-दीड एकर तळ्याच्या पाण्यासाठी आहे तसा मोकळा ठेवा, खालच्या अर्ध्या-पाऊण एकरात चर काढून गवत लावा. मग वरचा ३०० घनमीटरचा हिशेब आणि भिजणारं रान त्याच प्रमाणात कमी धरा. चर असलेल्या पट्ट्याच्या कडेनं वरचं पाणी तळ्याकडे नेणारी दगडी चारी काढावी लागेल. दोन एकराला मी हेच सुचवेन. माळ पाच-सहा एकरांचा असता तर तळ्याऐवजी गवतावर जास्त जोर दिला असता.

गवतात पवना, मारवेल, डोंगरी आणि सोबत स्टायलो. स्टायलो शेंगवर्गीय आहे, मुरमाडात चालतं आणि जमिनीला नत्र देतं. त्याच्या बियाचं कवच कडक असतं. पाणी उकळून खाली उतरवा, वाफ जरा ओसरली की बी त्यात चार-पाच मिनिटं ठेवून काढा, सावलीत सुकवा आणि मगच पेरा. नाहीतर निम्मं बी पहिल्या वर्षी उगवतच नाही. बी वरच्यावर, मातीत जेमतेम झाकेल एवढंच टाकायचं. पहिल्या वर्षी शेळ्या त्या पट्ट्यात अजिबात सोडू नका, कापूनच आणा. जुनं कुसळी गवत असेल तर ती कुसळं धरायच्या आत, फुलोऱ्यातच कापून वाळवा. उशीर झाला की तीच कुसळं जनावराच्या तोंडात रुततात.

चरांच्या बांधावर शेवरी आणि सुबाभूळ लावा. उन्हाळ्यात शेळ्यांना पाला लागतो तो इथून. सुबाभळीचा पाला एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त देऊ नका, त्यातला मायमोसिन हा घटक जास्त झाला की केस गळतात, जनावर खंगतं.

ज्वारीबद्दल एक इशारा, आणि हा मी मुद्दाम ठळक सांगतो. कोवळी ज्वारी आणि कापणीनंतर खोडव्याला फुटलेले पोंगे, विशेषतः पाण्याचा ताण बसलेले, जनावराला जीवघेणे असतात. त्यात हायड्रोसायनिक आम्लाची विषबाधा होते, गावाकडे किरळ लागणं म्हणतात ते हेच. भुकेलं जनावर काढणी झालेल्या रानात सुटलं आणि तासाभरात आडवं पडलं, असं होतं. जनावर धापा टाकतं, तोंडाला फेस येतो, थरथरतं. घरगुती उपायात वेळ घालवू नका, लगेच पशुवैद्यकाला बोलवा. यावर शिरेतून द्यायची औषधं आहेत आणि ती मिनिटांच्या हिशेबात द्यावी लागतात. पीक फुलोऱ्यात येईपर्यंत हिरवी ज्वारी तोडून घालू नका आणि खोडव्यात जनावर सोडू नका. बाजरीत हा धोका नसतो, म्हणून पावसाळी हिरव्या चाऱ्याला मी बाजरी सांगितली.

वैरण किती लागेल तेही बघा. दोन गाईंना वाळल्या वजनात रोज पंधरा किलोच्या आसपास चारा, शेळ्या बाहेर चरून आल्यावर त्यांना पाच-सहा किलो. दिवसाला वीस-एकवीस किलो. जानेवारी ते जून सहा महिन्यांचे झाले पावणेचार टन. अडीच एकरात एकरी दीड टन कडबा निघाला तरी हा आकडा जुळतो, आणि बाजरीचं सरमाड, हुलग्याचं भुसकट, माळावरचं वाळलं गवत हे वरकड. म्हणजे चांगल्या सालाला विकतची वैरण बंद होऊ शकते. मात्र कडबा अख्खा टाकायचा नाही. अख्ख्या पेंढीतला बराच भाग जनावर पायाखाली घालतं. कुट्टी करून गव्हाणीत घाला, थोडं मिठाचं पाणी शिंपडा. गंज उंचवट्यावर रचा, खाली दगड किंवा फांद्या अंथरा आणि अवकाळीच्या आधी वरून झाका. भिजून काळा पडलेला, बुरशी आलेला कडबा गाभण जनावराला तर मुळीच घालू नका.

तळ्याच्या बांधकामातल्या दोन गोष्टी सोडू नका. पाणी आत येण्याच्या तोंडाशी २ बाय २ मीटरचा, मीटरभर खोल गाळखड्डा काढा. माळावरची माती त्यात बसते आणि तो दर उन्हाळ्यात उपसता येतो. तो गाळ हलक्या रानात टाका, वाया जात नाही. हा खड्डा नसेल तर चार-पाच वर्षांत तळंच गाळानं भरतं. दुसरी गोष्ट कुंपणाची. तळ्याची कड ओली झाली की निसरडी होते, अस्तर असेल तर माणसाला बाहेर येताच येत नाही. दर वर्षी मुलं शेततळ्यात बुडाल्याच्या बातम्या येतात. पहिलं पाणी यायच्या आधी चारही बाजूंनी कुंपण घाला आणि गाठी मारलेला जाड दोर कडेच्या खुंटाला बांधून पाण्यात सोडून ठेवा. तळ्याच्या खर्चातच हे धरा, नंतर करू म्हणून ठेवू नका.

पाऊस कमी झालेल्या सालासाठीही आत्ताच ठरवून ठेवा. १५ ऑक्टोबरपर्यंत सळई फूटभरही जात नसेल आणि तळं अर्ध्याच्या खाली असेल, तर अडीच एकराची आशा सोडा. ज्या एकरात सगळ्यात जास्त ओल आहे तिथंच पेरा आणि तळ्यातलं सगळं पाणी त्याच एकराला द्या. दाणा भरला नाही तरी ताटं मिळतील. आणि कमी पडणारा कडबा फेब्रुवारी-मार्चमध्ये, ज्वारीची काढणी चालू असताना, थेट शेतावरून शेकड्यानं घेऊन टाका. एप्रिल-मेमध्ये छावणीची चर्चा सुरू झाली की तीच पेंढी परवडेनाशी होते. शेळ्यांतले बोकड विकायचे असतील तर तेही डिसेंबरात, अंगावर मांस असताना विका. त्याच पैशात दोन गाईंची वैरण घेता येते.